पंचनाम्याआधीची आंघोळ

११ जानेवारी १९७४, शुक्रवार

आज वाशिमहून हुकूम आला. मी, देवमन उकंडराव इंगोले, या गावचा पोलीस पाटील. दोनदा वाचला, मग दुर्गाला मोठ्यानं वाचून दाखवला. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. म्हणे, "मंग आता भाकर पाटलासारखी खासान का रोजच्यासारखी?" मी चिडलो. ती आपली हसत राहिली.

बाबांनी हुकुमाचा कागद हातात घेतला, वाचता येत नाही तरी बराच वेळ पाहत बसले. मग धोतराला हात पुसून परत दिला. हात आधी पुसायचे असतात हो बाबा, म्हणालो. पण मला भरून आलं, ते खरं.

चार पिढ्या पाटीलकी उत्तमरावांच्या घरी होती. वतनं गेली. आता अर्ज करावा लागतो, साहेब बोलावून प्रश्न विचारतात. उत्तमरावांच्या पोरानं, रामकिसननेही अर्ज केला होता. त्याला साहेबांनी विचारलं, बेवारस प्रेत सापडलं तर काय करशील? हा म्हणे, जाळून टाकीन. साहेब हसले. मला तोच प्रश्न आला. मी म्हणालो, ठाण्यात वर्दी देईन, आणि जमादार येईपर्यंत कोणालाही हात लावू देणार नाही. साहेबांनी मान डोलावली.

साहेब म्हणाले, रोज लिहीत जा. सरकारी वेगळं लिहीन. ही वही माझी.

२७ जानेवारी

गावात मला पाटील म्हणणारा एक माणूस नाही. "देवमन" म्हणतात, नाही तर "पोलीस पाटील" असं सगळंच्या सगळं, तेही दात ओठ खात. शाळेच्या गुरुजींनी काल झेंड्याला मला पहिल्या ओळीत उभं केलं तर दोघं जण लघवीचं निमित्त करून निघून गेले. जा म्हणावं. झेंडा काही कमी उंच गेला नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज नवल झालं. उत्तमरावांनी स्वतः हाक मारली. त्यांच्या ओट्यापुढून जात होतो. म्हणाले, "अरे देवमन, तू कायदा शिकून आला म्हंतेत. एक सांग बरं. पहिली बायको असतानी दुसरी करता येते का आता?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पूर्वी चालत होतं, आता चालत नाही. पहिली जिवंत असेतो दुसरी केली तर सात वर्षं सजा. पहिली हो म्हणाली तरी नाही. सोडचिठ्ठी पाहिजे, तीही कोर्टाची. ते म्हणाले, "कोर्टात गेलं तं घराची लाज जाते." मी म्हणालो, मग नाइलाज आहे.

"म्हंजे जित्ती हाये तवलोक नाईच," ते म्हणाले.

"नाहीच," मी ठासून सांगितलं.

चार पिढ्यांचा पाटील, आणि कायदा मला विचारला! घरी येऊन दुर्गाला सांगितलं तर ती म्हणे, कोणासाठी इचारलं? मी म्हणालो, त्यांना दहा लोक विचारतात, असेल कोणी. तिला कशाचं कौतुक म्हणून नाही.

२२ मार्च, शुक्रवार

कालचं लिहायला काल हात चालला नाही.

सकाळी कोतवाल पळत आला. उत्तमरावांची सून भागिरथा मळ्यातल्या विहिरीत पडली. रामकिसनची बायको. लग्नाला सात वर्षं झाली असतील, लेकरू नव्हतं. गरीब स्वभावाची. दुर्गाला विहिरीवर भेटली की भांडं वरून धरून पाणी घालायची, पण हसून बोलायची, येवढं मला माहीत.

मी कोतवालाला तसाच ठाण्यावर पिटाळला आणि मळ्यात गेलो. निम्मं गाव काठावर. त्यांचा सालदार लखीराम, तांड्यावरचा, दोर धरून उतरला आणि त्यानं तिला वर आणली. बाईमाणूस. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं. मी मान फिरवली. सगळ्यांनीच फिरवली. तिथं डोळे फाडून पाहणारा माणूस कसला? कोणी तरी घोंगडी टाकली.

मी म्हणालो, आता इथंच राहू द्या, जमादार येईपर्यंत. उत्तमराव माझ्याजवळ आले. डोळ्यांत पाणी होतं. हात जोडून म्हणाले, "पाटील, ऊन पाह्य कसं हाये. घरची लक्ष्मी हाये. वावरात पडू देता का तिले?"

पाटील म्हणाले. सगळ्या गावासमोर.

मी म्हणालो, घरी न्या, पण अंगणात ठेवा. बाजेवर घालून आणली. मी जवळच उभा राहणार होतो. पण त्यांनी ओट्यावर खुर्ची टाकली, हात धरून बसवलं. चहा आला. कपबशीत, सगळ्यांना होती तशाच फुलांच्या कपबशीत. या ओट्याच्या खाली माझा बाप पायताण हातात घेऊन उभा राहायचा. मी खुर्चीवर बसून चहा प्यालो. खोटं कशाला लिहू, प्रेत अंगणात असताना मला बरं वाटलं.

मग गोजराबाई, भागिरथाची सासू, दारातून म्हणाल्या, सवाशीण आहे, ओल्या लुगड्यानं परक्या पुरुषांपुढे कशी ठेवायची? बायकांनी आत नेली. लुगडं बदलायला म्हणून नेली. थोड्या वेळानं पाणी तापवायचा धूर दिसला. हळद वाटल्याचा वास आला. मी उठलो. म्हणालो, आंघोळ आत्ता नको, जमादार येऊ द्या. उत्तमराव हळू आवाजात म्हणाले, "तुमी आता बुद्धाचे. तुमच्यात नसन. आमच्यात नवऱ्याच्या आधी गेली का तिले न्हाऊ घालून, हळद लावून, हिरवा चुडा भरून ठेवा लागते. तुमी नाई म्हनसान तं नाई. पन गाव काय म्हनन?"

गाव काय म्हणेल, हे मला सांगायला नको होतं. नव्या पाटलानं सवाशिणीची हळद अडवली म्हणतील. बाटवायला आला म्हणतील. मी खाली बसलो.

जमादार आले तेव्हा ती अंगणात होती. हिरवं लुगडं, कोपरापर्यंत नव्या बांगड्या, हळद कानशिलापासून गळ्याच्या खालपर्यंत, दाट. कपाळभर कुंकू. जमादारांनी पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आंघोळ झाली?"

"रीत आहे साहेब," मी म्हणालो.

पंच पाच बोलावले. कोणी हात लावला नाही. बाईचं अंग पुरुष पाहत नाहीत. सुंदरबाईंना पुढे केलं, गावात बाळंतपणं त्याच करतात. त्या गोजराबाईंकडे पाहून म्हणाल्या, "काईच नाई जी. पाय घसरला असन." जमादारांनी लिहिलं. मग मला विचारलं, "पाटील, तुम्हाला काही शक? शक असला तर वाशिमला चिरफाडीला न्यावं लागेल."

आत बायका रडत होत्या. चिरफाड शब्द ऐकून आणखी मोठ्यानं रडल्या. मी म्हणालो, "नाही साहेब, शक नाही."

सही केली. पहिली सही माझी. दिवस बुडायच्या आत जाळली.

आज सकाळी माहेरचे आले, धनजहून. आई तुळसाबाई आणि भाऊ पुंजाजी. आईच्या हातात नवं लुगडं होतं, माहेरचं शेवटचं. चितेच्या राखेपुढे ती लुगडं धरून उभी होती. कोणावर घालणार? कोणीतरी मी पोलीस पाटील म्हणून सांगितलं, तर सरळ माझ्यापुढे आली.

"बापा, माह्या लेकीले मी पाह्यल्याबिगर कोनं न्हाऊ घातलं?"

मी म्हणालो, सासरच्या बायांनी, रीतीप्रमाणं, सगळं चांगलं केलं.

"माहेरचं लुगडं आल्याबिगर हळद लावाची रीत कोन्या गावची हाये?"

पुंजाजी म्हणाला, सांगावा घेऊन माणूस आला तो दिवस कलल्यावर. उत्तमराव तर म्हणाले होते की सकाळीच पाठवला. एसटी चुकली असेल.

हे मात्र माझं चुकलं. माहेरची वाट पाहायला पाहिजे होती. आईला तोंड पाहता आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

२४ मार्च

बाबांनी विचारलं, "प्रेतापाशी कोन बसलं होतं?"

म्हणालो, कोणी नाही. कोतवाल ठाण्यावर गेला होता, मी ओट्यावर.

"बरं केलं. तू नाई बसला थे बरं केलं. आपल्या नशिबातलं गेलं थे."

मला आठवतं ना. मी लहान होतो. कोणी विहिरीत पडो, फास घेवो, गावकीचं काम म्हणून बाबांना बोलावणं यायचं. काठी घेऊन प्रेतापाशी बसायचे, फौजदार येईपर्यंत. उन्हात, पावसात. दोन दोन दिवस. कुत्री हाकलायची. आई भाकर घेऊन जायची ती लांब ठेवून यायची. घरी आले की वास यायचा, आम्ही जवळ जात नव्हतो. मी शिकलो तो हे करायला लागू नये म्हणूनच.

बाबा हसत होते. म्हणे, "पन एक सांगू का, मी बसलो का उत्तमरावचा बापबी हात लावे नाई. घरचे लोक रडत, पाया पडत, म्या म्हनाव का फौजदार आल्याबिगर नाई. पाटील असन तं आपल्या घरी."

म्हातारा जुन्या गोष्टी काढतो. मी उठून गेलो. पण आज दिवसभर चिडचिड होत आहे, दुर्गावर उगाच ओरडलो.

१४ एप्रिल, रविवार

भीमजयंती. मिरवणूक पहिल्यांदा उत्तमरावांच्या दारावरून गेली आणि कोणी दगड नाही मारला. उलट उत्तमराव दारात उभे राहिले, लोकांना पाणी पाजलं, माझ्या गळ्यात हार घातला. पोरं बेभान नाचत होती. मी दुर्गाला म्हणालो, पाहिलंस? माणूस बदलतो.

ती म्हणे, "त्याईचं काम केलं ना तुमी. बदलन नाई तं काय."

"कोणतं काम?"

"पोट्टीले लेकरू नव्हतं. दुसरी आनता येत नव्हती. तुमीच तं सांगतलं त्याईले, जित्ती हाये तवलोक नाई."

मी तिला सणाच्या दिवशी नको ते बोललो. म्हणालो, तुझ्या डोक्यात शेण भरलं आहे. तिनं जेवायला वाढलं. हार खुंटीला टांगला होता तो तिनं रात्री गाईला घातला.

बायकांना काय, काहीही सुचतं. सुंदरबाईंनी पाहिलं होतं ना. पाच पंच होते.

२ मे

मेडशीच्या बाजारात लखीराम भेटला. सालदारकी सोडून आला आहे. तांड्यावरच राहतो आता. मी विचारलं, उत्तमरावांचं चांगलं घर कशाला सोडलं? त्यानं मग मला गुळाच्या दुकानामागे नेलं.

"पाटील, मी तिले वरतं आनलं तवा तिच्या मानीवर बोटं होते. दोन्हीकून. निळे पडलेले. पोटात पानीबी नव्हतं, हलकी लागली."

म्हणालो, अरे मग तेव्हा का नाही बोललास?

"मले कोनं इचारलं? तुमी समदे तिकडं तोंड करून उभे होते."

मी म्हणालो, आता चल ठाण्यात, सांग. तर म्हणे, "तुमी शक नाई म्हून सही केली. मी येकट्यानं शक हाये म्हनू? माहे लेकरं हायेत, पाटील." गुळाची ढेप खांद्यावर टाकली आणि चालता झाला.

एसटीनं आलो नाही. पायी आलो. मी तेव्हा त्या हळदीकडे पाहिलं होतं. गळ्यावर येवढी दाट कशाला, असं मनात आलं होतं, आणि मला वाटलं होतं, किती माया आहे या लोकांची सुनेवर. हात् तुझ्या, देवमन. हात् तुझ्या पाटीलकीच्या.

५ मे, रविवार

ठाण्यात गेलो. जमादार होते. बसवलं, चहा मागवला. "काय पाटील, विशेष?"

सगळं घोकून गेलो होतो. पण काय दाखवू? राखही नाही राहिली, नदीत गेली. लखीराम येणार नाही. सुंदरबाई बोलणार नाही. आणि ते मला विचारतील, तुम्ही त्या दिवशी कुठे होता? ओट्यावर खुर्चीत होतो साहेब, चहा पीत होतो.

"नाही, सहजच आलो," म्हणालो.

घरी येऊन दुर्गाला लखीरामचं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल मी सांगितलं नव्हतं का. तिनं तसं म्हटलं नाही. तोंडाला पदर लावून बसली. मग म्हणे, "मले थे पोट्टी वरून पानी टाके ना, तं एक दिवस म्हने, वयनी, मले बी लेकरू व्हावं म्हून तुमच्या बुद्धाच्या इहारात दिवा लावजा." दुर्गानं लावला होता म्हणे. मला आज सांगितलं.

१८ मे, शनिवार

उत्तमरावांच्या घरी सोयरीक चालली आहे. रामकिसनची. आसेगावची मुलगी. गावात कुजबूज होती, आज खरं निघालं.

मुलीचा बाप, दौलतराव, दुपारी आमच्या दारात आला. उन्हानं लाल झाला होता. साधा माणूस, पायात माती. आमच्या माठातलं पाणी प्याला, मागेपुढे पाहिलं नाही. म्हणाला, पोरगी द्यायची म्हणजे गावात विचारावं लागतं. बाकीचे सगळे त्यांच्या भावकीतले, ते चांगलंच सांगतील. "तुमी सरकारी मानूस. तुमी खरं सांगसान म्हून आलो. घर कसं हाये?"

दुर्गा आतून दारात येऊन उभी राहिली. बाबा बाजेवर उठून बसले.

मी म्हणालो, "पोरगी देऊ नका."

"काहून?"

"पहिलीला मारली त्यांनी. गळा दाबून विहिरीत टाकली."

बोलून गेलो. पंधरा दिवस छातीवर धोंडा होता, तो खाली पडला असं वाटलं. दौलतराव मग म्हणाला, "मले तं पाय घसरला म्हून सांगतलं. पंचनामा झाला, सरकारनं पाह्यलं, म्हने."

"झाला."

"पंच कोन होते?"

"पाच होते. पहिली सही माझी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कसं सांगू, बाजारात बैल पाहणारा माणूस बैलाच्या तोंडात पाहतो तसं पाहिलं. म्हणाला, "तवा खोटं बोल्ले, का आता बोलून राह्यले?"

तेव्हा खोटं बोललो नव्हतो, मला माहीत नव्हतं, असं म्हणायचं होतं. पण माहीत नव्हतं कारण मी पाहिलंच नव्हतं, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणालो, "आता खरं बोलतो आहे. तुमची पोरगी आहे म्हणून बोलतो."

"रामकिसनची पाटीलकी तुमाले भेटली, होय ना? उत्तमराव म्हने, थो देवमन काईबाई सांगन, मनावर घेऊ नका." उठला. पागोटं नीट केलं. दुर्गाला म्हणाला, "बाई, पानी गोड होतं वो तुमचं." आणि उत्तमरावांच्या घरी जेवायला गेला.

त्याचं काय चुकलं? मीच लिहून दिलं होतं की घर चांगलं आहे. सरकारचा शिक्का मारून दिलं होतं.

९ जून, रविवार

लग्न झालं. उत्तमराव स्वतः अक्षत घेऊन आले होते, आग्रहाचं आमंत्रण म्हणे. डोळ्यांत डोळे घालून हसले. त्यांना दौलतरावानं सगळं सांगितलेलं दिसतं. मी गेलो नाही. सनईचा आवाज घरात येत होता, बाबा म्हणे दार लावून घे.

पुंजाजीला निरोप पाठवला होता की एकदा येऊन जा, तुझ्या बहिणीबद्दल बोलायचं आहे. तो आला नाही. म्हणाला म्हणे, त्या पाटलाचं तोंड पाहायचं नाही. बरोबर आहे त्याचं.

राजीनामा लिहायला दोनदा बसलो. दुर्गा म्हणे, "तुमी सोडलं तं रामकिसन होते पोलीस पाटील. मंग पुढच्यापाशी कोन बसन?" म्हणून फाडला.

२२ जून, शनिवार

पेरण्या सुरू झाल्या. आज पिठाच्या गिरणीवर उत्तमरावांची नवी सून पाहिली. एकटीच होती, डोक्यावर जवारीचा डबा. लहान आहे. सतरा अठराची असेल. मला पाहून पदर पुढे ओढला आणि बाजूला सरून उभी राहिली. गिरणीवाल्यानं तिला सांगितलं असेल, हे पाटील.

गिरणी चालू होती, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नव्हतं. मी म्हणालो, "पोरी, दौलतरावची ना तू? हे पाह्य, कवाबी काही वाटलं, रात्री अपरात्रीबी, तं सरळ माह्या घरी ये. माही बायको हाये. कोनाले इचारू नको."

तिनं पदराआडून पाहिलं. हसली. परक्या गावात कोणी मायेनं बोललं की लेकीबाळी हसतात तशी.

"काय होईन जी मले?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "काही नाही."